द्राक्षांचं औषध

हम्बोल्टच्या डोंगरात ऑर्विल एकटाच राहायचा. आतल्या खोलीत, मातीविना नुसत्या पाण्यावर, तो गांजाची सहा झाडं वाढवायचा, ती खालच्या वळणावरच्या विल्मासाठी. कर्करोगाच्या उपचारांनी तिची अन्नावरची वासना गेली होती. चार झुरके घेतले, की घास उतरायचा. दर रविवारी ती यायची. आठवड्यात त्याच्या दारात येणारं तेवढंच एक माणूस.

यंदा पानांवर भुरीची पांढरी बुरशी चढली. त्यानं द्राक्षमळ्यातलं बुरशीनाशक मुळांच्या पाण्यात ओतलं. द्राक्षं तर लोक खातात, मग भीती कसली! भुरी गेली, ओढायची ती फुलं टपोरली.

रविवारी सकाळी त्यानं मळेवाल्या डेलबर्टला फोन लावला. "तुमचं द्राक्षांचं औषध गांजाच्या मुळांना घातलंय. कापल्यावर फुलं धुवायची का रे?"

"धुतोस काय, येड्या? ते झाडाच्या अंगात भिनलंय. द्राक्षं खातात, पेटवून ओढत नाहीत. हे जाळलंस, की विषारी वायू होतो."

दुपारी विल्मा आली. "काय रे म्हाताऱ्या, कापायला मुहूर्त बघतोयस? माझी गांजाची डबी संपत आली."

त्यानं सगळं सांगितलं. "नवं पीक यायला चार महिने लागतील. तोवर दुकानातलं, तपासलेलं घे."

"दुकान लांब, युरेका शहरात. गाडीनं नेणारी भाची रविवारीच मोकळी असते."

"मग रविवारीच जा."

"तुझ्यावर रागावले नाहीये," ती म्हणाली आणि काठी टेकत उतरणीला लागली.

ऑर्विलनं सहाही झाडं मुळासकट उपटली. पंप बंद केला, तशी घरातली पाण्याची झुळझुळही थांबली.