आठ महिन्यांची सेवा

वहिनीने हाताने लिहिलेली पानं चिमट्याला अडकवली, चष्मा पुसला आणि टाइप करायला सुरुवात केली. मेडिकलच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत पाच वाजता संपत होती. शेजारच्या स्टुलावर धाकटी नणंद बसली होती.

तिला दुसरीकडे जाता आलं असतं. पण वहिनी या दुकानात दहा वर्षं टायपिंग करत होती आणि नेहमी सांगायची, "मी मजकूर वाचतच नाही गं, नुसती अक्षरं बघते. लोकांच्या भानगडी वाचत बसले तर डोकं फिरेल माझं." नणंदेने त्यावरच भिस्त ठेवली होती.

गेल्या वर्षी अर्ज नाकारला गेला, तेव्हा शिकवणीच्या सरांनी सांगितलं होतं, मार्क सगळ्यांनाच असतात, तू कोणाचं काय केलंस ते लिही. तिने लिहिलं. अंथरुणाला खिळलेल्या आईला आठ महिने भरवणं, पुसणं, चादरी बदलणं, शेवटच्या दिवसापर्यंत. त्यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. फक्त ते सगळं वहिनीने केलं होतं. ती स्वतः अभ्यासाच्या नावाखाली दार लावून बसायची, आणि वास आला की खिडकी उघडायची.

वहिनीची बोटं थांबली.

"इथे चार तास लिहिलंयस."

"काय?"

"दर चार तासांनी कूस बदलायचे, असं. दोन कर. चार तास ठेवलं तर पाठीला जखमा होतात. वाचणारे डॉक्टर असणार, लगेच पकडतील."

नणंदेचे कान तापले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि टाचांखाली उशी द्यायचीस, ते राहिलंय. घालू?"

त्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. तो शोधूनही सापडेना. नणंदेने नुसती मान हलवली.

"वहिनी, मी..."

"साडेचार वाजून गेलेत. आधी हे होऊ दे."

शेवटच्या रकान्यात ही सेवा प्रत्यक्ष पाहिलेल्या व्यक्तीचं नाव हवं होतं. नणंदेने तो कोराच सोडला होता. दादाला विचारायची हिंमत झाली नव्हती. वहिनीने तिथे स्वतःचं पूर्ण नाव टाइप केलं. खाली फोन नंबर. रुग्णाशी नातं, सून.

"त्यांचा फोन आला तर काय सांगायचं, ते घरी गेल्यावर ठरवू," ती म्हणाली. "पाठवू?"

अजूनही नको म्हणता आलं असतं. नणंदेने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पाठव," ती म्हणाली.