हाक मारत नाहीत

संग्रहालय केलेल्या त्या जुन्या बंगल्यात मालकाच्या तसबिरीखाली नाव होतं, मालकिणीच्या होतं, एवढंच काय, दारातल्या दगडी कुत्र्याचंही नाव पितळेच्या पाटीवर कोरून ठेवलं होतं. पण जिने उभा जन्म या घराच्या चुली फुंकल्या, त्या मोलकरणीचं नाव टिपून ठेवावं असं कुणालाही वाटलं नव्हतं. काळा झगा आणि पांढरा एप्रन घालून तिचं सोंग वठवायचं, पाहुण्यांना स्वयंपाकघर दाखवायचं, हे काम निवृत्त टेलिफोन ऑपरेटरबाईंच्या वाट्याला आलं. अर्थात फुकट. सेवा म्हटलं की माणसं पगार मागत नाहीत, हे व्यवस्थापकाला पक्कं ठाऊक होतं.

"नाव विचारलं तर म्हणायचं, मला हाक मारत नाहीत, घंटा वाजवतात," तो म्हणाला. "लोकांना आवडतं असलं."

"आणि कुत्र्याला?"

"कुत्रा खानदानी होता हो!"

बाई आल्या होत्या त्या कुणीतरी आपलं ऐकावं म्हणून. घरी सून पेल्यावर चमचा वाजवून पाणी मागायची, मुलाची मजल 'ए, ऐकलंस का'पुढे जात नसे. नावाने हाक मारणारा एकटा नवरा. त्यापायी सासूने जन्मभर नाक मुरडलं, पण त्याने आपला हेका सोडला नव्हता.

बंगल्यात मात्र बाईंचं ते घंटेचं वाक्य हमखास टाळ्या घ्यायचं.

एके दुपारी मालकिणीचं सोंग घेणारी बाई चहा पिता पिता म्हणाली, "इतके दिवस बरोबर आहोत, पण तुमचं नाव काय हो?"

बाईंनी सांगितलं. ती कप हातात धरून बघतच राहिली.

"अहो, सांगा की."

बाईंनी पुन्हा सांगितलं, फोनवर सांगायच्या तसं, एकेक अक्षर सुटं करून.

"नसेल सांगायचं तर राहिलं!" ती फणकाऱ्याने उठून गेली.

पहारेकऱ्याला सांगून पाहिलं, तर त्यालाही नाव ऐकूच गेलं नाही. घरी बाईंनी सुनेला विचारलं, "माझं नाव काय गं?"

"काहीतरीच काय, आई!" ती हसली आणि आत निघून गेली.

तेव्हा कुठे बाईंच्या ध्यानात आलं, की हल्ली नवराही नुसतं 'अगं' म्हणतोय.

"रविवारी बंगल्यावर या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आणि सगळ्यांसमोर मला नावाने हाक मारा."

"मारीन की. त्यात काय एवढं?"

रविवारी तो खरंच आला, इस्त्रीचा सदरा घालून, गर्दीत पुढे उभा राहिला. बाईंनी एप्रनची टोकं मुठीत घट्ट धरली. त्याने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि व्यवस्थापकाकडे वळून कौतुकाने म्हणाला, "हुबेहूब आमच्या हिच्यासारखी दिसते हो."

"काय नाव वहिनींचं?" व्यवस्थापकाने विचारलं.

नवऱ्याने तोंड उघडलं. कपाळ चोळलं. गर्दीतलं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अगदी जिभेवर आहे बघा," तो ओशाळून म्हणाला.

बाई नाव सांगत होत्या. मोठ्याने सांगत होत्या. लोक तसबीर बघावी तसे माना तिरप्या करून त्यांच्याकडे बघत होते.

मग नवऱ्याची नजर भिंतीवरच्या घंटेच्या दोरीवर गेली. "ही ओढली तर चालेल?" त्याने अदबीने विचारलं.

घंटा वाजायच्या आधीच बाईंनी एप्रनला हात पुसले होते.