उरलेली अकरा मिनिटं

"काका, बसा हो जरा. तुमच्या फेऱ्या बघून मलाच धाप लागलीय," मॅडम म्हणाल्या.

कानसेन बसले. खुर्चीचा एक स्क्रू ढिला आहे हे कळताच पुन्हा उठले.

काचेपलीकडे चाचणीच्या खोलीत शर्यतीच्या गाडीचं इंजिन लोखंडी चौकटीवर एकटंच किंचाळत होतं. सत्तावीस वर्षं कानसेन या काचेअलीकडे उभे होते. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं. इंजिनाचं दुखणं त्यांना यंत्रांच्या आधी ऐकू येतं, म्हणून सगळ्या कारखान्याला ते कानसेन. मॅडम आता विभागाच्या प्रमुख होत्या, पण त्यांच्या हातात पहिला पाना कानसेनांनीच दिला होता. म्हणून त्यांच्यापुरते ते काका.

आज बारा वाजता सगळं गोठणार होतं. शर्यती भरवणाऱ्या मंडळाचा नवा नियम होता: प्रत्येक संघानं एक इंजिन निरीक्षकापुढे ठेवायचं, तो त्याला तार ओवून शिशाचं सील ठोकणार, आणि पुढची चार वर्षं त्या नमुन्यात काडीचाही बदल करायचा नाही. श्रीमंत संघ दर महिन्याला नवं काहीतरी काढतात आणि बाकीचे फरपटत जातात, तेव्हा आवरा आता. कानसेनांना हे पटायचंही. गोची एवढीच होती की नियम चार वर्षांचा होता आणि त्यांची नोकरी तीन वर्षांची उरली होती.

आणि त्यांची रिंग तयार होती. पिस्टनभोवतीची साधी कडी, पण नेहमीच्या निम्मी जाड. सहा वर्षं ते तिच्या मागे होते. बेचाळीस तुटल्या, त्रेचाळिसावी टिकली. सात हॉर्सपॉवर जास्त देत होती. सात म्हणजे एखाद्या स्कूटरएवढी ताकद, लोक हसतील. पण जन्मभर दुसऱ्यांचे आराखडे जुळवणाऱ्या माणसाची ही पहिली स्वतःची वस्तू होती. आज ती सीलच्या आत गेली तर गेली, नाहीतर त्यांच्या उरलेल्या नोकरीत कधीच नाही.

दाराशी ढकलगाडीवर दुसरं इंजिन झाकून ठेवलं होतं. जुन्या रिंगचं. अडलंनडलं तर असावं म्हणून.

अकराला दहा कमी असताना पडद्यावर हिरवी पट्टी आली. चाचणी पूर्ण. मॅडमनी टाळीच वाजवली.

"झालं, काका! तुमची पोरगी पास!"

"मीटरवर किती उरलंय?"

चाचणीच्या तासांवरही मंडळाची मोजदाद होती, भिंतीवर सीलबंद मीटर होता. "अकरा मिनिटं. कशाला हवीत? बंद करते."

इथे शहाण्या माणसानं मान डोलावली असती. पण कानसेनांना स्वस्थ बसणं कधी जमलं होतं? "राहू दे. पूर्ण जोरात ने, आणि एकदम सोड. एकदाच."

"ते कार्यक्रमात नाहीये."

"म्हणून तर म्हणतोय."

इंजिन चढलं, किंचाळलं, आणि सोडल्यावर उतरू लागलं. उतरताना मध्येच एक टिक. बशीवर नख मारावं तेवढी. मग सगळं सुरळीत.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "पुन्हा," ते म्हणाले. पुन्हा टिक. तिसऱ्यांदाही.

"काय झालं?" मॅडमनी पडद्यावरचे आकडे वरखाली सरकवले. "सगळे आकडे ठीक आहेत."

त्यांना ऐकू आलं नव्हतं. कुणालाच येणार नव्हतं. कानसेनांनी खिशातला पाना काढला, ठेवला, पुन्हा काढला. एक शब्द बोलायचा नाही, की झालं. निरीक्षक बाहेर चहा पीत बसला होता.

"पिस्टनमधली रिंगची खाच झिजतेय," शेवटी ते म्हणाले. "आज कळणार नाही. दहाव्या-बाराव्या शर्यतीत पिस्टन फुटेल."

"नक्की, काका? कान चुकूही शकतो."

"चुकला तर बरंच आहे गं. पण चुकला नसेल, तर चार वर्षं हेच इंजिन आपल्या गळ्यात. आणि गाडीत कुणीतरी पोरगा बसलेला असणार, तीनशेच्या वेगात."

मॅडमनी स्वतः उठून ढकलगाडीवरचं कापड ओढलं. कानसेनांना फार वाईट वाटलं. कुणीतरी वाद घालायला हवा होता.

बारा वाजता निरीक्षकानं जुन्या रिंगच्या इंजिनाला तार ओवली आणि पक्कडीनं शिसं दाबलं. "साक्षीदार म्हणून सही करा," तो म्हणाला. कानसेनांनी केली. निरीक्षक जाता जाता हसला, "आता चार वर्षं आराम तुम्हाला!"

घरी ते भर दुपारीच पोचले. बायको खिडकीशी शिवत होती. त्यांनी नळ घट्ट केला, दाराची कडी हलवून पाहिली, घड्याळ सरळ केलं. तिनं विचारलं तेव्हा सगळं एका दमात सांगून टाकलं.

या घरात मंडळाच्याही आधीपासून एक नियम होता. लग्नानंतर वर्षभरानं त्यांनी तिच्या शिलाई मशीनची मोटर 'जरा सुधारली' होती आणि सुई तिच्या नखातून आरपार गेली होती. तेव्हापासून मशीनला हात लावायचा नाही. चोवीस वर्षं हा नियम कुणी मोडला नव्हता.

ती उठली. अर्धवट शिवलेलं कापड तिनं सुईखालून काढून घेतलं.

"अहो, मशीन जरा खडखडतंय. बघता का?"

ते खुर्चीत बसले. चाक हातानं फिरवलं आणि कान टेकवला. पुन्हा फिरवलं. सुई वर गेली, खाली आली. सगळीकडे तेल दिलेलं होतं, स्वच्छ होतं. आवाज कसलाच नव्हता.

त्यांनी वर पाहिलं. ती पाठमोरी होऊन कापडाची घडी घालत होती.

"हो गं, येतोय आवाज," ते म्हणाले. "सगळं खोलावं लागेल. वेळ लागेल."

"लागू दे."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर आणला.