सहावी वस्तू

"बंद करून टाक ते काय आहे ते," आई म्हणाली. "घरात चार शब्द बोलायला जड जायचं, आणि तिकडे लोकांच्या भाषा दुरुस्त करत बसायचे."

लेकीने लॅपटॉप उघडला. बाबांना जाऊन अकरा दिवस झाले होते. त्यांच्या लॅपटॉपवरून दोन ओळींत बातमी कळवायची आणि खातं बंद करायचं, एवढंच काम होतं. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस निवृत्तीनंतर इंटरनेटवरच्या कुठल्याशा मंचावर असतो, हे घरात ठाऊक होतं. तिथे काय करतो, हे कुणी विचारलं नव्हतं. तिनेही नाही.

मंच होता नव्या संगणकभाषा रचणाऱ्यांचा. कुणी नर्स, कुणी वकील, कुणी बेकार. पदरचा वेळ मोडून जो तो आपली भाषा घडवत होता. एका स्वल्पविरामावरून सोळा दिवस वाद चालला होता आणि सतराव्या दिवशी दोन्ही बाजूंनी एकमेकांचे आभार मानले होते. ती स्वतः पुस्तकांची मुद्रितं तपासायची. विरामचिन्हासाठी इतका जीव टाकणारी माणसं तिला ऑफिसाबाहेर पहिल्यांदाच भेटत होती.

बाबांचं तिथलं नाव होतं 'मधला मजला'. त्यांनी एकही भाषा रचलेली नव्हती. कुणी नवी भाषा मांडली की ते तिच्यात मुद्दाम चुका करत आणि चुकल्यावर संगणक माणसाशी काय बोलतो ते पाहत. 'अवैध' एवढं म्हणून गप्प बसणारी भाषा ते परत पाठवत. का, ते त्यांनी एकदाच लिहिलं होतं: अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसाशी मी दाराबाहेरून तीनच गोष्टी बोलायचो. तुम्ही कुठे आहात, काय शाबूत आहे, आता काय करायचं. चूक कुणाची, ते तो बाहेर आल्यावर.

तिने बातमी लिहिली. तासाभरात खाली उत्तरांची रांग लागली. हळहळ थोडकीच होती. बहुतेकांनी आपापल्या भाषेतलं एकेक वाक्य ठेवलं होतं, बाबांनी बदलायला लावलेलं. 'सातव्या ओळीत कंस उघडा राहिलेला दिसतोय. बाकीचं लिखाण ठीक आहे.' 'या नावाची फाइल इथे नाही. तुमचं काम जपून ठेवलं आहे.' अशी त्र्याण्णव वाक्यं. कुठकुठल्या अनोळखी घरांतली यंत्रं, आणि सगळी त्याच एका संथ सुरात बोलत होती. हा सूर तिने घरात किती वेळा ऐकला होता, आणि 'बाबा बोलत नाहीत' म्हणून सोडून दिला होता.

मग 'सुतारपक्षी' नावाच्या एका शिक्षिकेने चाचरतच लिहिलं. तिची भाषा आज पाच वाजता चाळीस शाळांत जाणार होती. नंतर वर्षभर तिला हात लावता येणार नव्हता. चुकल्यावर दिसायचा एक संदेश बाबांकडून अर्धाच आला होता: 'तुम्ही सहावी वस्तू मागितलीत. यादीत पाचच आहेत.' पुढचं उद्या देतो, म्हणाले होते. अर्धाच लावू का?

मला यातलं काही कळत नाही, असं लेकीने कळवलं.

उत्तर आलं, "माझी भाषा त्यांनाही पुरती कळायची नाही. अडकलेला माणूस कळायचा."

घड्याळात साडेचार झाले होते. ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आई, तू कधी लिफ्टमध्ये अडकली होतीस?"

"एकदा. लग्नाआधी." आई ओटा पुसत राहिली. "नाहीतर ह्यांची गाठ कशाला पडली असती?"

"काय म्हणाले होते बाहेरून?"

"किती वर्षं झाली त्याला." फडकं थांबलं. "म्हणाले, दोर पक्के आहेत. काही पडणार नाही. तेवढ्यावर मी वीस मिनिटं उभी राहिले बघ."

लेक परत येऊन बसली. तीनदा लिहून तीनदा खोडलं. मग पाठवलं: 'पाचही वस्तू जागच्या जागी आहेत. काही हरवलेलं नाही. एक ते पाचमधला आकडा द्या.'

पाच वाजून गेल्यावर भाषा खुली झाली. सुतारपक्षीने लिहून दिलेल्या दोन ओळी लेकीने जशाच्या तशा उतरवल्या, पाच भाज्यांची यादी केली आणि सहावी मागितली. पडद्यावर बाबांची आणि तिची वाक्यं उमटली. आई कधी मागे येऊन उभी राहिली होती, ते तिला कळलंही नाही. आईने चष्मा लावला आणि एकेका शब्दाखालून बोट नेत वाचलं.



"परत चुकव," आई म्हणाली.

लेकीने पुन्हा सहावी मागितली.