मधल्या घरातली हौसा

पहिल्या महिन्यात हौसा नुसती उभी राहिली तरी तिच्या बांगड्या वाजत. माघातलं कोवळं ऊन, विहिरीचा गार काठ, हातात कळशी नाही की दोर नाही. आणि तरीही काचेचा तो बारीक, अखंड किणकिणाट, जणू देहाच्या आत एखादं पाखरू कुडकुडत बसलं होतं. चैत्रात तो आवाज निम्म्यावर आला. वैशाखात तुंगार्लीच्या तळ्याचं पाणी उतरलं, काठचे दगड उघडे पडले, तेव्हा तो थांबला. ती राहायची त्या घरी मी रोज सकाळी चार शेर दूध पोचवायचो. मोजायची सवय जुनी, म्हणून ती शांतताही ध्यानात राहिली.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ती वर्षं. आमच्या शेजारच्या बंगलीत एक विधवा डॉक्टरीणबाई दारू सुटलेल्या बायकांना ठेवून घेत. इस्पितळातून बाहेर पडल्या, पण घरी जायची अजून हिंमत नाही, अशा सात-आठ जणी. लोक त्याला मधलं घर म्हणत. हौसा आंदर मावळातल्या टाकव्याची. आवणीत गुडघाभर पाण्यात वाकून भात लावणाऱ्या बायकांना, अंगातलं हीव जावं म्हणून, संध्याकाळी मोहाच्या दारूची वाटी द्यायची आमच्याकडे रीत होती. हौसाची वाटी पावसाळा सरला तरी सरली नाही. सासऱ्यांनी तिची तीन वर्षांची लेक ठेवून घेतली आणि शब्द दिला : सहा महिने एक थेंब नाही असं बाईंनी सांगितलं, तर सून घरात आणि पोर तिच्या मांडीवर.

हौसा फारसं बोलत नसे. दर अमावास्येला ती दाराच्या चौकटीशी तळहात आडवा धरी आणि म्हणे, “आता हितवर आली आसंल.” तो तळहात दर वेळी बोटभर वर सरके, आणि मावळतीचा प्रकाश त्याच्यावर क्षणभर असा थांबे, की खरंच कुणाच्या तरी मस्तकावर तो ठेवलेला आहे असं वाटावं.

आषाढात, बारा दिवस उरले असताना, चारचौघींत वावरायची सवय व्हावी म्हणून बाईंनी तिला माझ्या खाचरात आवणीला धाडलं. त्या वर्षी मी वाटी बंद केली. सतरा बायका, सतरा कप आल्याचा चहा.

“आगं बया, बंगल्यातली बाई चिखलात! पाय मळतील की गं,” सगळ्यांत म्हातारी गजामावशी तिला चिडवत म्हणाली.

“मळू द्या मावशी. चिखल धुतला की जातो.”

सगळ्या हसल्या. हौसाही हसली, इरल्याच्या काळोख्या खोपीत तिचे दात प्रथमच उजळलेले मी पाहिले. म्हणून मीच ठरवलं, रोपांची शेवटची मूठ हिनं लावायची. तो मान असतो. मूठ लागली की बांधावरच्या म्हसोबाला दारूची धार सोडायची, आणि उरलेला घोट लावणारीच्या ओंजळीत प्रसाद म्हणून घालायचा. चहाचे कप मोजणाऱ्या मला देवाची ती बाटली दारू वाटलीच नाही. एकवीस आवण्या केलेला हात आपसूक पुढे झाला.

“भाऊ, ह्ये देवाचं हाय नव्हं?” तिनं विचारलं.

मला ती भक्ती वाटली. “व्हय, देवाचंच,” मी म्हणालो.

तिनं डोळे मिटले आणि ओंजळ ओठांना लावली.

तिसऱ्या दिवशी ती दारूच्या भट्टीपाशी सापडली. बाई म्हणाल्या, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करू. पण ठरल्या दिवशी सासरे पोरीला खांद्यावर घेऊन आले, बाईंना खोटं बोलता आलं नाही, आणि ते उंबऱ्याबाहेरूनच परत फिरले. पोर मागे वळून बघत होती. दारात उभ्या हौसाकडे नव्हे, अंगणातल्या कोंबडीकडे.

मी क्षमा मागायला गेलो. हौसाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

“तुमच्यावर राग न्हाई भाऊ. पयला घोट देवाचा म्हून घेतला. दुसरी वाटी माझी मीच भरली.”

श्रावणातल्या एका दाट धुक्याच्या सकाळी ती घाटाच्या वाटेनं खाली उतरली. बाईंनी माणसं पाठवली, मीही दोन वेळा खोपोलीपर्यंत जाऊन आलो. ती कुणालाच दिसली नाही.

टाकव्याला गेलो की तिची लेक दिसते. आता सात वर्षांची आहे, हसरी आहे. आई कुठंय म्हणून विचारलं तर चुलतीकडे बोट दाखवते. आठवणच नाही तर उणीव कसली, असं लोक म्हणतात, आणि ते खरंही असेल. पण उणीव अशी विरून जात नसावी; जिला जाणवायची तिला ती जाणवली नाही, तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी मनात वस्तीला जाते, आणि काळ तिला तिथून उठवत नाही.