ढळढळीत म्हणजे काय

कुसाबाईचा नवरा चिमाजी बाहत्तरच्या दुष्काळात सुरगाण्यावरून गुजरातेत कामाला गेला, तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. बारा वर्षं झाली तसा धाकटा दीर गोरक्ष म्हणाला, "वहिनी, आता ढळढळीत आहे. दादा गेला. पोरीच्या सासरचे विचारतायत, बाप आहे की नाही? रीतीप्रमाणं पुतळा जाळू."

"ढळढळीत म्हणजे डोळ्यांना दिसतं ते, भाऊजी. दुपारचं ऊन ढळढळीत. तुमचं टक्कल ढळढळीत. ह्यांचं मरण कुणी पाहिलं?"

गोरक्षनं टोपी सारखी केली. पण दर्भाचा पुतळा जळालाच. कुंकू मात्र कुसाबाईनं पुसू दिलं नाही. "दहाव्याला कावळा शिवू दे. मग पुसते."

दहावा नाशिकला. तिथले रामकुंडावरचे कावळे म्हणजे काय विचारता! साजूक तूप नसलं तर मान फिरवतात. एकानं तर तेलातली जिलबी परत आणून यजमानाच्या टोपीत टाकली होती म्हणे.

पानावर मेलेल्याच्या आवडीचं करायची रीत, पण कुसाबाईनं मुद्दाम कारलं केलं. बिनगुळाचं, कडूजार. चिमाजी कारल्याच्या वासानं ताटावरून उठायचा. एका लग्नात पंगतीला कारलं वाढलं, तर हा उपाशीपोटी निफाडपर्यंत चालत गेला, असं अख्खी गल्ली सांगायची. कुसाबाईचा हिशेब साधा होता. कावळा शिवला नाही तर चिमाजी मेला नाही. शिवला तर तो चिमाजीच नाही. काही झालं तरी कुंकू राहतंय.

दहाव्याला पिंडाशेजारी पान मांडलं. माजलेले कावळे लांबच बसले. तेवढ्यात एक हडकुळा कावळा उतरला नि थेट कारल्यावर तुटून पडला.

"शिवला!" गोरक्षला रडूच फुटलं. "बघा वहिनी, ढळढळीत!"

"हे नव्हेत ते! ह्यांनी जन्मात कारलं खाल्लं नाही. सांगा ना, हे ढळढळीत नाही का?"

शेजारच्या भागीबाईनं त्याच दुष्काळात पोरांना झाडपाला उकडून घातला होता. ती हळूच म्हणाली, "कुसा, उपाशी माणूस कारलं बघतो का गं?"

कावळा आता पानावरचा रस ओरपत होता. पिसं पार झडलेली. कुसाबाई पुढं वाकली.

"अहो, सावकाश," ती म्हणाली. "ठसका लागेल."

आणि तिनं पदरानं कपाळ पुसलं.