साठ मिली दूध

चिमणीच्या पोटात आत्याच्या यकृताचा तुकडा बसवला, त्याला आज पाच दिवस झाले होते. आठ महिन्यांची पोर. त्या तुकड्याला रक्त पोचवणारी धमनी सुतळीहून बारीक. तीत गुठळी झाली तर पोट पुन्हा उघडायचं, तेही त्याच दिवशी. म्हणून सकाळ-संध्याकाळ सोनोग्राफी. त्याआधी चार तास पोट रिकामं ठेवा, असं सिस्टरने दोनदा बजावलं होतं.

पण आज पोरीने रडून रडून घसा बसवला. रडणाऱ्या बाळाची तपासणी तरी कुठे धड होते, अशी स्वतःची समजूत घालून आईने पडदा ओढला आणि बाटली दिली.

तेवढ्यात नणंद टाक्यांवर हात धरून, हळूहळू चालत आली. "काय म्हणतोय माझा तुकडा? माझ्यात होता तोवर कुत्रं विचारत नव्हतं. आता दिवसातून दोनदा बघायला येतात."

"ताई, आधी बसा बरं."

सोनोग्राफीच्या डॉक्टरबाई आल्या. रोज दोन मिनिटांत यंत्रातून धमनीतल्या रक्ताचं फुस् फुस् ऐकू यायचं. आज दहा मिनिटं झाली तरी यंत्र गप्प.

"धमनी सापडत नाहीये," त्या म्हणाल्या. "सर्जनना कळवते. सीटी करावा लागेल, कदाचित पोटही उघडावं लागेल."

आईने रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. सांगावं तर सगळ्यांसमोर अक्कल निघणार.

"मी दूध पाजलं," ती म्हणाली. "साठ मिली. अर्ध्या तासापूर्वी."

नणंदेने कपाळावर हात मारला. "अगं, मी काय त्या टेबलावर झोप काढायला गेले होते?"

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "मग दुधाबरोबर पोटात गेलेल्या हवेने धमनी झाकली असेल. नसेलही. सर्जन येईपर्यंत फासळ्यांमधून बघते. डाव्या कुशीवर धरा तिला."

आईने लेकीला कुशीवर धरलं. यंत्राच्या पडद्यावर नुसतं करडं. बराच वेळ करडंच. मग एक तांबडा ठिपका लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकला, आणि यंत्र फुसफुसायला लागलं.

डॉक्टरबाईंनी वेग दोनदा मोजला आणि फोन लावला. "प्रवाह चांगला आहे, सर. सीटी नको."

त्या गेल्यावर नणंद खुर्चीत ऐसपैस बसली. "संध्याकाळपर्यंत मी इथून हलत नाही. पोरीवर नाही, तुझ्यावर लक्ष ठेवायला."

"बसा," आई म्हणाली. "तिला उपाशी ठेवायला मला एकटीला नाही जमत, ताई."